डाव्या-उजव्या मापाचे दोन खाने

माझी शाळा चौथीपातूर. ती बी धड न्हाई. आकडे मी लगेच वाचते, कारन टेपावर आकडेच असतेत. अक्षर म्हनलं की एक एक धरून वाचावं लागतं. हे आधीच सांगते, कारन पुढं जे झालं ते निम्मं ह्याच्यामुळं झालं.

लातूरला माझं शिलाईचं दुकान हाय. दुकान म्हंजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनी, एक टेबल, आन माप घ्यायला पडदा. शिवायला शिकले ती किनवटकडं. मालक वारले तवा ल्योक काखंत व्हता. तिथं एका होस्टेलात मी स्वैपाकाला लागले. पोरींचे फाटके फराक शिवता शिवता मशीन हाताखाली आली. उन्हाळ्यात होस्टेल बंद, पगार बंद. मग मोहाची फुलं वेचायची, तेंदूची पानं तोडायची. एका साली तापानं चार महिने पडून व्हते, तवा शेजारनीनं पोराला जगवलं. सांगायला लई हाय, पन ते असू द्या. ल्योक मोठा झाला, गाडी चालवायला लागला, लातूरला खोली केली. मी माझी मशीन यष्टीच्या टपावर टाकली आन आले.

बाया माझ्याकडं येतेत त्या काही माझा हात सोन्याचा हाय म्हनून न्हाई. माझ्याहून चांगलं शिवनाऱ्या गल्लीत दोघी हायेत. पन पडद्याआड टेप लावला की बाईचं सगळं कळतं. कुनाला दिवस गेले ते तिच्या सासूच्या आधी मला कळतं. कुनाच्या दंडावर वळ हायेत, कोन जेवत न्हाई, कोन आतून खंगून राहिली, सगळं. आन ते माझ्या तोंडातून आजपातूर बाहेर गेलं न्हाई. बाया येतेत त्या ह्याच्यासाठी.

मापं मी लिहीत नसे. ज्या कापडाचं पहिलं ब्लाउज शिवलं त्याचीच एक पट्टी काढायची. तिच्यावर कात्रीनं खाचा. वरून पहिली खाच छातीची, दुसरी कमरेची, मग बाहीची. पट्ट्यांचा झुबका खिळ्याला. कापड पाहिलं की बाई आठवायची. नाव लागतच नव्हतं.

मग दोघी जावांनी एकाच ताग्यातलं कापड आनलं, आन पट्ट्यांची अदलाबदल झाली. मोठीचं ब्लाउज धाकटीच्या मापाचं, धाकटीचं मोठीच्या. त्यांचं आधीच पटत नव्हतं. मोठी दारात उभी राहून वरडली, "मावशी, मला मुद्दाम लठ्ठ म्हनायला तिनं सांगितलं का तुमाला?" 

त्या दिवशी सून म्हनाली, "मामी, हे खिळ्याचं आता बास करा. कम्प्युटर घेऊ. मापं त्याच्यात ठेवू. नाव टाकलं की माप समोर."

"आन तो कुनाला सांगनार न्हाई?"

"कम्प्युटर कुनाला सांगतो व्हय मामी?"

सून माझी अर्धापूरकडची. बारावी झालेली. कामाला वाघ हाय, काजबटन बी तीच करती. पन तिला एकदा वाटलं की झालं, मग ती मागं सरत न्हाई. नांदेडला एक मानूस हाय म्हनाली, तो मशीन बी देतो आन आतलं प्रोग्राम बी स्वतः बनवतो. जसं पाहिजे तसं करून देतो. तिच्या माहेरच्या एका केळीवाल्याचं काम त्यानंच केलं व्हतं.

जसं पाहिजे तसं करून देतो म्हननाऱ्या मानसावर माझा इस्वास बसत न्हाई. मी बी तसंच म्हनते गिऱ्हाइकाला, म्हनून मला ठाऊक हाय. तरी गेलो.

मानूस पन्नाशीचा. डोक्याला मेंदी, खिशाला दोन पेन. बोलनं असं की ऐकनाऱ्याला गुळाचा खडा तोंडात टाकल्यावानी वाटावं. "या आजी, बसा आजी, आजीला चहा सांगा." चहा सांगतो तो काही तरी खपवनार, हे मी मनात धरलं. त्यानं एक डबा दावला, काळा चकचकीत. म्हनला कोरा करकरीत नवा हाय.

मी म्हनलं, "उघडून दावा."

"आजी, आत काय पाहनार तुमी?"

"तुमी उघडा तर. कापड घेताना मी उलटी बाजू पाहते."

त्यानं सुनंकडं पाहिलं. सून खाली पाहू लागली, तिला लाज वाटली. पन त्यानं स्क्रू काढले. आत वायरी, पत्रे, मला त्यातलं काही कळलं न्हाई. एक बारका पंखा व्हता. त्याच्या पात्यावर मी बोट फिरवलं आन बोट त्याच्यापुढं धरलं. बोटाला काळी धूळ.

"नवा हाय ना? मग पंख्याला धूळ कुठून आली?"

तो हसला. हसनं लई वेळ चाललं. मग म्हनला, "वापरलेला हाय आजी, पन चांगला हाय. तुमच्या कामाला हाच पुरतो."

"पुरत असंल. पन नवा म्हनला व्हता तुमी."

मग दुसरा आनला, खोक्यातला, चिकटपट्टी आमच्यासमोर फाडली. बाहेर आल्यावर सून म्हनाली, "मामी, तुमी तर पोलीस व्हायला पाहिजे व्हतं." हसत म्हनाली. पन मला हसू आलं न्हाई. जो पहिल्याच बोलन्यात खोटं बोलला त्याच्याकडूनच आमी मशीन घेऊन चाललो व्हतो.

प्रोग्राम करायला तो लातूरला आला, दोन खेपा. सून त्याच्याशेजारी, मी मागं मशिनीवर. त्यानं जे दावलं ते सगळं इंग्रजी. मी म्हनलं, मला हे चालायचं न्हाई. मला ब्लाउजचं चित्र पाहिजे. बाहीवर बोट ठेवलं की बाहीचा आकडा यावा, गळ्यावर ठेवलं की गळ्याचा. माझंच एक जुनं कटोरी ब्लाउज टेबलावर पसरलं, म्हनलं ह्याच्यावरून काढा. त्यानं फोटू घेतला, त्यावरून चित्र काढलं. चांगलं काढलं, खोटं कशाला बोलू. सुनंनं किबोर्डावर मराठी अक्षरांच्या चिकट्या लावल्या. आकड्यांच्या जागंवर मी लाल नेलपालीश लावलं, म्हंजे बोट भलतीकडं जायाचं न्हाई.

एकच गोष्ट अडली. त्याच्या प्रोग्रामात छातीला एक खाना. मला दोन पाहिजे व्हते. डावा आन उजवा.

"आजी, सगळ्या दुनियंत छातीला एकच माप असतं."

"माझ्या दुकानात दोन असतेत."

"पन कामून?"

"कुनाचा एक खांदा पडलेला असतो. डोक्यावर पाटी वाहिलेल्या बाया हायेत. तुमाला न्हाई कळायचं. दोन करा."

हे खरं बी व्हतं. पन खरं कारन दुसरं व्हतं.

एक बाई हाय. चांगल्या घरची, नवरा नोकरीला, दोन पोरी. हैद्राबादला जाऊन आली तवा साऱ्यांना पथरीचं ऑपरेशन सांगितलं. पडद्याआड आली तवा मला कळलं, डावी बाजू काढून टाकलेली. मी काही इचारलं न्हाई. टेप लावला, निम्मं माप घेतलं, मग दुसरं निम्मं. तवा ती म्हनाली, "मावशी, पोरींच्या सोयरिकी व्हायच्या हायेत. आईला हे झालं म्हंजे पोरीला बी व्हईल, असं लोक धरतेत. मोठीचं बोलनं चालू हाय." मी म्हनलं, "तुमी हात वर करा, बाहीचं माप राहिलं."

तिच्या ब्लाउजला मी आतून खिसा केला. नुसता कापूस भरला तर तो हलका असतो, हात उचलला की वर सरकतो, मग बाई दिवसभर पदर धरून बसती. म्हनून राळे भरले. बारीक दाना, मऊ, आन वजन बरोबर उजव्या बाजूइतकं. भाजून भरायचे म्हंजे कीड लागत न्हाई. ते वजन बसवायला मला पाच खेपा लागल्या. तिचं माप चुकून चालनार नव्हतं आन कुनाला कळून तर अजिबात चालनार नव्हतं. तिच्यासाठी ते दोन खाने.

मशीन आली त्या दिवसापासून माझी नजर तिच्यावर. वर एक डोळा बसवला व्हता, कॅमेरा, डिझाइनचे फोटू काढायला. मला वाटलं हा पडद्याकडं पाहनार. मी त्याच्यावर माझी टिकली चिकटवली. शिवाय बाई आली की स्क्रीनवर टावेल टाकायची. सून म्हनायची, "मामी, तो बंद हाय." बंद असला तर टिकलीनं त्याचं काय बिघडतंय?

एक दिवस दुपारी सून मागं इस्त्री करत व्हती. मी काजं करून राहिले व्हते. सहज वर पाहिलं तर स्क्रीनवरचा बान हलत व्हता. माऊसला कुनाचा हात न्हाई. बान सरळ चालत गेला, एक खिडकी उघडली, दुसरी उघडली. माझ्या अंगावर काटा आला. भुताखेताचं म्हनत न्हाई मी. घरात कोन तरी शिरलंय आन आपल्याला दिसत न्हाई, तसं.

"पोरी, इकडं ये! ह्याच्यात कोन हाय?"

सून आली, पाहून हसाया लागली. "मामी, ते नांदेडचे दादा हायेत. तिथूनच सर्व्हिस करून राहिलेत. त्यांचा फोन आला व्हता मघाशी."

"तिथून इथलं दिसतंय त्याला?"

"दिसल्याशिवाय दुरुस्त कसं करतील?"

"मग मापं बी दिसतेत?"

"मामी, त्यांना बायांच्या ब्लाउजचं काय करायचंय! त्यांचा धंदा हाय तो. तुमी समद्यालाच चोर म्हनता."

मी गप बसले. इथंच माझं चुकलं. पंख्यावरची धूळ मला दिसली, कारन ती बोटाला लागली. हे बोटाला लागत नव्हतं. आन आपन अडानी, उगा काही तरी बोलून सुनंला चारचौघीत हसू कशाला करा, असं वाटलं. डोळ्यावर टिकली लावून मी निवांत झाले आन ज्या वायरीतून तो येत व्हता ती वायर तशीच ठेवली.

पुढं साताठ महिने मशीन नीट चालली. जावांची भांडनं मिटली न्हाईत, पन निदान ब्लाउजावरून तरी झाली न्हाईत. खिळ्यावरच्या पट्ट्या मी गोधडीत शिवून टाकल्या.

मग अस्तर संपलं म्हनून मी नांदेडला गेले. तिथं ठोकात चांगलं भेटतं. माऊसचं बटन बी अडकत व्हतं, म्हनलं त्या मानसाला दाऊन यावं. दुपारचं गेले. दुकानात एक नवराबायको बसले व्हते, चाळिशीचे. बाईच्या बोलन्यावरून कळलं, देगलूरला तिचं बुटीक हाय. तिला तो प्रोग्राम दावत व्हता. मला पाहिलं न्हाई त्यानं, पाठमोरा व्हता. मी दारापाशी स्टुलावर बसले.

स्क्रीनवर माझं ब्लाउज.

माझंच. कटोरीच्या खाली मी एक बारकी मोड देते, ती दुसरं कुनी देत न्हाई. चित्रात ती मोड व्हती. मला आधी बरं वाटलं, खरं सांगते. मग त्यानं छातीवर बोट ठेवलं. दोन खाने उघडले. दोन आकडे आले.

ते आकडे मी वाचले न्हाईत, मला ती बाईच दिसली. इतक्या वर्षांत आकडे मला मानसाच्या तोंडावानी झालेत.

देगलूरची बाई म्हनाली, "हे दोन खाने कशाला? आन इतका फरक?"

तो म्हनला, "हेच तर आमचं खास हाय मॅडम. कुनाकडं भेटनार न्हाई. आता ह्या बाईंचं पाहा, खाली लिहिलंय ना, ऑपरेशन, डावीकडं राळ्याचं पॅड. अशा गिऱ्हाइकासाठी मुद्दाम केलंय."

खाली लिहिलं व्हतं. मला माहीत नव्हतं खाली काही लिहिलेलं हाय. मी एक एक अक्षर धरून वाचलं. वर नाव. आडनावासगट.

मी उठले आन स्क्रीनपुढं जाऊन उभी राहिले. अस्तराची थैली छातीशी धरून. त्या दोघांना आता माझी पाठच दिसत व्हती.

"बंद कर," मी म्हनलं.

"अरे आजी! कवा आल्या? बसा, चहा..."

"चहा नको. आधी हे बंद कर."

"आजी, हे डेमो हाय. खोटी नावं हायेत सगळी."

"खोटी असतील तर पुसून टाक, माझ्यासमोर."

"असं कसं पुसता येईल? तुमचाच बॅकप हाय तो. तुमची मशीन उद्या बिघडली तर कामाला येईल म्हनून मी तुमच्या भल्यासाठीच..."

मागून देगलूरची बाई म्हनाली, "भाऊ, आत्ताच तुमी खोटी नावं म्हनला ना?"

तो तिला काही तरी सांगू लागला. तिनं ऐकलं न्हाई. "म्हंजे आमच्याकडं घेतलं की आमच्या बायांची मापं बी तुमी असीच तिसऱ्याला दावनार?" तिचा नवरा आधीच उठला व्हता. जाताना ती माझ्याकडं वळली, म्हनाली, "आजी, मी नाव वाचलं न्हाई."

वाचलं व्हतं का न्हाई, मला काय ठाऊक. तिनं चांगल्यासाठी म्हनलं. पन वाचलं नसतं तर न वाचल्याचं सांगायचं सुचलं नसतं, असं माझ्या मनात आलं. आजबी येतं.

मी तिथंच बसले. त्यानं एक पुसलं. मी म्हनलं अजून कुठं हाय. त्यानं कचऱ्याची टोपली उघडली, ती पुसली. मी म्हनलं अजून. फोनात व्हतं, ते पुसलं. लॅपटॉपात व्हतं, ते बी. दर वेळी म्हनायचा आता कुठंच न्हाई, आन दर वेळी अजून एका जागी निघायचं. शेवटी त्याच्या मशिनीवर हळदकुंकू वाहिलेलं व्हतं, त्याच्यावर हात ठेवून म्हनला, "आजी, ह्याची शपत. ह्याच्यावर माझं पोट हाय. आता न्हाई."

कापड फाडलं तर फाटलेलं दिसतं. शिवन उसवली तर दोरा हातात येतो. हे पुसलं म्हंजे काय झालं ते मी कशानं तपासू? मी उठले. माऊस तसाच पिशवीत राहिला.

घरी येऊन सुनंला इचारलं, "खाली काय लिहिलंस?"

ती आधी समजली न्हाई. समजली तवा तिचं तोंड उतरलं. म्हनाली, "मामी, तुमाला काही झालं तर मला कसं कळंल, कुनाला काय पाहिजे? म्हनून लिहून ठेवलं. साऱ्यांचं लिहिलंय." तिनं मग एकेक वाचून दावलं. हिला हुक मागं नको, सांधे दुखतेत. हिला पोटावर ढिलं, टाके हायेत. हिचा दंड भाजलेला, बाही कोपराखाली. जे मी इतकी वर्षं पोटात ठेवलं ते तिनं माझ्या हाताखाली काम करता करता पाहिलं आन नीट अक्षरात मांडलं व्हतं. वाईटासाठी न्हाई. कामाच्या पोरीनं जसं करावं तसंच केलं.

मी तिला रागावले न्हाई. रागवायला मी तिला आधी सांगायला पाहिजे व्हतं, की काय लिहायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या घरी गेले. मोठीचं जमलं व्हतं, साखरपुडा पंधरा दिवसांवर. ती गव्हातले खडे काढत व्हती. पोरी आत व्हत्या, म्हनून मी तिला अंगनात बलावलं आन सगळं सांगितलं. काही झाकलं न्हाई. तिनं सूप खाली ठेवलं न्हाई, तसंच धरून उभी राहिली.

"किती जनांनी पाहिलं?"

"माझ्यासमोर दोघांनी. आधी किती, ते न्हाई सांगता येत."

"कुठले व्हते?"

"देगलूरचे."

"देगलूरला जावयाची आत्या हाय."

तिनं सुपातला एक खडा उचलून अंगनात टाकला. मग ती हळूच म्हनाली, "मावशी, लातुरात मोठमोठे टेलर हायेत. मी तुमच्याकडं कामून येत व्हते ठाऊक हाय का? तुमाला लिहिता येत न्हाई म्हनून."

"हाव," मी म्हनलं.

"आता जा. पोरी बाहेर येतील."

मी आले. साखरपुड्याचं ब्लाउज तिनं दुसरीकडं शिवलं. मला बाजारात दिसली एकदा, भाजीच्या गाड्यापाशी. डावीकडं कापड चोळामोळा झालेलं, एका हातानं पदर दाबून धरलेला, दुसऱ्या हातानं मेथी निवडून राहिली व्हती. मी दुसऱ्या गल्लीनं गेले.

मशिनीचं आमी काय केलं ते सांगते. सुनंनं नेटची वायर काढून कापून टाकली, मी सांगितलं न्हाई, तिनंच. गल्लीतल्या शाळेतल्या एका बाईनं तिला साधा तक्ता करायला शिकवलं, तोच आता वापरतो. नाव न्हाई, आडनाव न्हाई. प्रत्येकीला वळखायला एक खून: कुनी तांब्या, कुनी मोर, कुनी कैची. कुनाची कोनती खून ते मला आन सुनंला ठाऊक. खाली काही लिहायचं न्हाई. ते सून आता तोंडपाठ करती. मी काजं करता करता इचारते, ती सांगती. चुकली की परत. ह्यानं मला पुरता भरोसा आला असं न्हाई. पन पहिल्यापेक्षा बरं हाय.

साखरपुडा झाला, मोडला न्हाई. देगलूरहून काही आलं न्हाई. लग्नाच्या महिनाभर आधी ती बाई दुकानात आली. टेबलावर मी शिवलेलं जुनं ब्लाउज ठेवलं आन शेजारी नवं कापड.

"ह्याच मापाचं. टेप लावायचा न्हाई."

"बरं."

"मशीन बंद करा आधी."

सुनंनं बंद केली. तरी ती स्क्रीन काळी व्हईपातूर थांबली. जाताना ती दारातून आडवी वळली तवा मी पाहिलं. गळ्याची हाडं वर आलेली, पाठ बारीक झालेली. जुनं माप तिला आता ढगळ झालं असतं. इचारायचं माझ्या तोंडावर आलं, गिळलं.

मी नुसत्या डोळ्यानं कापलं. दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच आत, राळे थोडे कमी. न्यायला आली तवा पडद्याआड घालून पाहिलं. लई वेळ बाहेर आली न्हाई. आली ती सरळ माझ्यापुढं.

"मी दिलं ते माप न्हाई हे."

"न्हाई."

"कुनी सांगितलं तुमाला?"

"कुनी न्हाई. तुमी दारात वळल्या, तवा दिसलं."

"कुठं लिहिलंय?"

"कुठंच न्हाई. पाहा तुमी."

तिनं खरंच पाहिलं. टेबलाचा ड्रावर उघडला, बॉबिनीचा डबा, चिंध्यांची पिशवी, मशिनीखालचा खन. सुनंला म्हनाली, लाव ते. तक्ता वरपासून खालपातूर पाहिला, मोर काय, तांब्या काय, एक एक इचारलं. सून घाबरत घाबरत सांगत व्हती, नाव मातर एकीचंही सांगितलं न्हाई. मी बाजूला उभी. मला वाईट वाटलं न्हाई. तिच्या जागी मी असते तर फरशी बी उचलून पाहिली असती.

मग तिनं ब्लाउज घडी करून पिशवीत ठेवलं. दारापाशी थांबली.

"लग्नाला या मावशी. पन तिथं माझी वळख दाऊ नका. तुमी काय शिवता ते कुनी इचारायला नको."

गेले. देगलूरचे लोक आले व्हते म्हंतेत, कोन ते मला ठाऊक न्हाई. मी बायांच्या शेवटच्या पंगतीत बसले. ती वाढायला आली. एका हातात बुंदीचं पातेलं, दुसऱ्यात डाव, पदर मोकळा. वाकली, वाढलं, परत सरळ झाली, काही सरकलं न्हाई. माझ्या पानावर दोन डाव टाकले आन माझ्या शेजारनीला हसून इचारलं, "काकू, अजून घेता का?" माझ्याकडं पाहिलं न्हाई.

मी बी मान वर केली न्हाई. गरम व्हती बुंदी, फुंकर घालून खाल्ली.